मंडळाचा ठराव क्षेत्रीय परिषदेपर्यंत कसा पोचतो?

इंदूरच्या एका मराठी मंडळाच्या चिटणीसांनी मला पत्र पाठवलं आहे. मंडळाने दोन ठराव केले आहेत. पहिला, इंदूरहून धुळे, नाशिक, पुण्याकडे जाणाऱ्या बसगाड्या वाढवाव्यात. दुसरा, प्राथमिक शाळेत मुलांना मराठी शिकायची सोय मिळावी. हे दोन्ही ठराव त्यांना मध्य क्षेत्रीय परिषदेच्या पुढच्या बैठकीत मांडायचे आहेत. त्यांचे प्रश्न असे: बैठक कोण बोलावतं? अर्ज किती दिवस आधी द्यायचा? मंडळाचा प्रतिनिधी तिथे बोलू शकतो का? मतदान होतं का? आणि जे ठरतं ते सरकारला पाळावंच लागतं का?

भोपाळला वल्लभ भवनात, म्हणजे मध्य प्रदेशाच्या मंत्रालयात, नोकरीची बरीच वर्षं या परिषदेसाठी टिपा तयार करण्यात गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. मंडळाने परिषदेकडे थेट अर्ज करून विषय दाखल होत नाही आणि मंडळाच्या माणसाला तिथे बसता येत नाही. क्षेत्रीय परिषद ही एका भागातली राज्य सरकारं आणि केंद्र सरकार यांची आपसातली बैठक आहे. तरीही दोन्ही विषय तिथे जाऊ शकतात, कारण कायद्यातच त्यांचा नावानिशी उल्लेख आहे. ‘राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६’ याच्या कलम २१ मध्ये परिषद कोणत्या गोष्टींवर चर्चा करू शकते ते दिलं आहे. त्यात सीमावाद, भाषिक अल्पसंख्याक आणि आंतरराज्य वाहतूक हे शब्द एकाच ओळीत येतात. इंदूरच्या मराठी माणसाचे दोन्ही प्रश्न त्या एका ओळीत आहेत. मला हे पहिल्यांदा वाचताना फार बरं वाटलं होतं, आजही वाटतं. भाषेवरून राज्यं आखायची तर प्रत्येक रेषेच्या पलीकडे कुणीतरी उरणार, आणि त्यांच्यासाठी बोलायची एक जागा हवी, हे १९५६ साली लक्षात ठेवून लिहिलं गेलं. राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालावरच्या चर्चेत पंडित नेहरूंनी या परिषदांची कल्पना मांडली ती राज्यांना एकत्र काम करायची सवय लागावी म्हणून.

आता रचना. परिषदा पाच आहेत. मध्य क्षेत्रात सुरुवातीला उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश अशी दोनच राज्यं होती; २००० साली छत्तीसगड आणि उत्तराखंड झाल्यावर चार झाली. अध्यक्ष म्हणजे राष्ट्रपतींनी नेमलेले एक केंद्रीय मंत्री. पाचही परिषदांना ते केंद्रीय गृहमंत्रीच असतात. प्रत्येक राज्याचे मुख्यमंत्री आणि राज्यपालांनी नेमलेले आणखी दोन मंत्री हे सदस्य. म्हणजे आपल्या परिषदेत अध्यक्ष धरून तेरा जण. उपाध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे एकेक वर्ष आळीपाळीने जातं. प्रत्येक राज्याचे मुख्य सचिव आणि विकासाचं काम पाहणारे एक अधिकारी सल्लागार म्हणून बसतात. ते बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. परिषदेचं सचिवपदही एकेका राज्याच्या मुख्य सचिवांकडे वर्षभरासाठी फिरतं. पण सहसचिव मात्र त्या क्षेत्रातल्या कोणत्याच राज्याच्या सेवेतला असू नये, असं कायदा सांगतो. ही तरतूद मला महत्त्वाची वाटते. कागद ज्याच्या हातात असतो तो कुणाच्याही बाजूचा नसावा.

बैठक कोण बोलावतं, याचं उत्तर कलम १७ मध्ये आहे. अध्यक्ष ठरवतील तेव्हा, आणि परिषदेने वेगळं ठरवलं नसेल तर आळीपाळीने एकेका राज्यात. वर्षातून इतक्या बैठका व्हायलाच हव्यात, असा आकडा त्या कलमात नाही. बैठक चालवायचे बारीक नियम परिषदेने स्वतः केंद्राच्या मान्यतेने करायचे असतात. अलीकडच्या तीन बैठका पाहा. २२ ऑगस्ट २०२२ ला भोपाळ, ७ ऑक्टोबर २०२३ ला उत्तराखंडात नरेंद्रनगर, २४ जून २०२५ ला वाराणसी. पहिल्या दोहोंत साडेतेरा महिने, पुढच्या दोहोंत साडेवीस. म्हणून ‘पुढच्या बैठकीला किती दिवस आहेत’ असा हिशोब धरून बसू नका. तारीख जाहीर झाली की बहुतेक विषय ठरलेले असतात.

मंडळाने वेळ खर्च करायचा तो इथे. लोकांना वाटतं, खरी गोष्ट बैठकीच्या सभागृहात होते. माझा अनुभव असा की जे काही व्हायचं ते विषय विषयपत्रिकेत शिरताना होतं. क्रम असा असतो. राज्याचा संबंधित विभाग, म्हणजे बसचं असेल तर परिवहन आणि शाळेचं असेल तर शालेय शिक्षण, नोटशीट (विषयाची कार्यालयीन टीप) तयार करतो. ती विभागाच्या प्रमुख सचिवांकडून मुख्य सचिवांपर्यंत जाते. राज्याने मान्य केलं की विषय परिषदेच्या सचिवालयाकडे. तिथून तो ज्या राज्याशी किंवा केंद्रीय मंत्रालयाशी संबंधित आहे त्याच्याकडे अभिप्रायासाठी जातो. मग स्थायी समिती. ही समिती सदस्य राज्यांच्या मुख्य सचिवांची असते, आणि विषय आधी तिच्यापुढे येतात. तिथे एकमत झालं तर विषय तिथेच मिटतो. जे मिटत नाही किंवा ज्याला मंत्र्यांच्या पातळीवरच हात घालावा लागतो, तेवढंच मुख्य परिषदेपुढे.

स्थायी समितीत विषय मिटला म्हणून हिरमुसून जाऊ नका. मुख्य परिषदेत पोचणं हा मान नाही; अडलेला विषय वर जातो, सुटलेला खालीच थांबतो. तुमच्या बसचा प्रश्न दोन अधिकाऱ्यांनी टेबलावर सोडवला तर त्यापेक्षा चांगलं काही नाही.

आता एक चूक सांगतो, माझ्या हातून झालेली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका विभागाकडून आलेल्या विषयाची टीप मी लिहिली. सीमेवरच्या दोन जिल्ह्यांत रुग्णांना पलीकडच्या राज्यातल्या सरकारी दवाखान्यात त्रास होत होता. शेवटी मी लिहिलं, ‘दोन्ही राज्यांनी आपसातला समन्वय वाढवावा.’ वाक्य सभ्य होतं, कुणाला दुखवत नव्हतं. समोरच्या राज्याने तत्काळ ‘सहमत’ असं कळवलं. कार्यवृत्तात नोंद झाली: सहमती झाली, विषय समाप्त. एकाही रुग्णाचा त्रास कमी झाला नाही, आणि तो विषय पुन्हा उघडायला कारण उरलं नाही, कारण कागदावर तो सुटला होता. त्या दिवसापासून मी कोणतीही टीप ‘समन्वय’, ‘सहकार्य’, ‘योग्य ती कार्यवाही’ या शब्दांवर संपू दिली नाही. कुणी, काय, किती आणि केव्हापर्यंत करायचं, ही चार उत्तरं ज्या वाक्यात नाहीत त्याला समोरचा होकार देऊन मोकळा होतो.

तुमचे ठराव मी वाचले. दोन्हींत ‘शासनाने गांभीर्याने लक्ष घालावे’ असं आहे. हे वाक्य मंडळाच्या सभेत टाळ्या घेतं, नोटशीटमध्ये त्याचं काहीच होत नाही. ते बदला. कसं, ते शेवटी देतो.

तुम्ही विचारलेली नाही, पण बसच्या ठरावासाठी सर्वांत मोठी अडचण वेगळीच आहे. मध्य प्रदेश मध्य क्षेत्रात, महाराष्ट्र पश्चिम क्षेत्रात. आपण इंदूरच्या सरवटे बस स्टँडवरून निघून धामणोद, जुलवानिया, सेंधवा करत शिरपूरला पोचतो तोवर केवळ राज्य नाही, परिषदही बदललेली असते. महाराष्ट्र आपल्या परिषदेचा सदस्यच नाही. तो गुजरात, गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव यांच्याबरोबर बसतो. त्यांची बैठक २२ फेब्रुवारी २०२५ ला पुण्यात झाली. तेव्हा वाराणसीसारख्या बैठकीत ‘महाराष्ट्राने इतक्या गाड्या सोडाव्यात’ असं ठरवायचं म्हटलं तर उत्तर द्यायला समोर कुणी नसतं.

कायद्याने यावर वाट ठेवली आहे, कलम २२. एका क्षेत्रातल्या आणि दुसऱ्या क्षेत्रातल्या राज्यांचा समान हिताचा विषय असेल तर दोन परिषदांची संयुक्त बैठक घेता येते. पण एका बसमार्गासाठी दोन परिषदा एकत्र येतील, अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही. दोन राज्यांमधल्या बसगाड्यांसाठी आणखी जवळचा रस्ता आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ८८ खाली दोन राज्यं आपसात परिवहन करार करतात. कोणत्या मार्गावर कोणत्या राज्याच्या किती गाड्यांना परवाना, हे त्यात असतं. असा करार करण्याचा किंवा त्यातल्या परवान्यांची संख्या बदलण्याचा प्रस्ताव दोन्ही राज्यांनी राजपत्रात आणि प्रादेशिक भाषेतल्या वृत्तपत्रात प्रसिद्ध करायचा असतो, आणि त्यावर निवेदन द्यायला राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून किमान ३० दिवस ठेवावे लागतात. मंडळाला इथे स्वतःच्या नावाने बोलता येतं. परिषदेत आवाज नाही, पण इथे कायद्याने दिलेला आवाज आहे. दुर्दैवाने या सूचना वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत येतात आणि कुणी वाचत नाही. मंडळाने एका माणसाकडे एवढंच काम द्यावं. दुसरी गोष्ट, २००५ साली मध्य प्रदेशाच्या राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्या बंद करण्याचा निर्णय झाला. त्यामुळे आपल्या बाजूने खासगी गाड्या आणि पलीकडून महाराष्ट्राची एसटी असा प्रश्न आहे, हे लक्षात घेऊनच मागणी लिहा. ‘दोन्ही राज्यांच्या सरकारी गाड्या’ असं लिहिलंत तर पहिल्याच टेबलावर कागद परत येईल.

मग बसचा विषय परिषदेत न्यायचाच नाही का? न्यायचा, पण असा बेतून की तो मध्य क्षेत्रातल्या राज्यांना लागू पडेल. आपल्या बुंदेलखंडातल्या माणसाला उत्तर प्रदेशातल्या झाशीकडे जाताना, छत्तीसगडातल्या राजनांदगावच्या माणसाला आपल्या बालाघाटकडे येताना परवान्यांची हीच अडचण येत असेल, तर ‘शेजारच्या राज्यांशी झालेल्या परिवहन करारांचा ठरावीक मुदतीत फेरविचार’ हा समान हिताचा विषय होतो. कलम २१ ची अट ‘समान हित’ हीच आहे: काही राज्यांचं आपसात, किंवा केंद्राचं आणि एका राज्याचं.

शाळेचा विषय या अटीत सहज बसतो. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, हे संविधानाच्या अनुच्छेद ३५०-क मध्ये आहे आणि तो १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आला. त्याच्याच पुढचा ३५०-ख भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमायला सांगतो. म्हणजे राज्याबरोबर केंद्राचाही इथे संबंध आहे. त्याहून उपयोगी आकडा १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेतला आहे: शाळेत एका भाषेची ४० किंवा एका वर्गात १० मुलं असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. पुढे १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेतही भाषिक अल्पसंख्याकांच्या सोयींवर विचार झाला. तुमच्या ठरावात ‘इंदुरात मराठी भाषिकांची मोठी संख्या आहे’ असं आहे. त्याऐवजी कोणत्या शाळेत कोणत्या वर्गात किती पालक मराठी मागतात, याची सह्यांसकट यादी जोडा. एका वर्गात अकरा नावं असलेला एक कागद हा लाखांच्या गोष्टी करणाऱ्या दहा भाषणांपेक्षा पुढे जातो. हे काम कंटाळवाणं आहे, घरोघर फिरावं लागेल, आणि खरं सांगायचं तर काही घरांत आपलीच माणसं ‘काय करायचंय मराठी शिकून’ म्हणतील. तिथे न चिडता पुढच्या घरी जा.

मतदानाचं थोडक्यात सांगतो, कारण त्याला फार महत्त्व नाही. हजर सदस्यांच्या बहुमताने निर्णय, समसमान झाल्यास अध्यक्षांना निर्णायक मत. अध्यक्ष नसतील तर उपाध्यक्ष, दोघेही नसतील तर हजर सदस्यांनी निवडलेला सदस्य बैठक चालवतो. माझ्या नोकरीत मी परिषदेत हात वर झालेले पाहिले नाहीत. सल्ला देणाऱ्या सभेत कुणाला हरवून काय मिळणार? हरलेलं राज्य तो सल्ला बाजूला ठेवू शकतं. म्हणून एकमत होत नसलेला विषय पुढच्या बैठकीवर ढकलला जातो.

अनेकांच्या डोक्यात इथे गोंधळ होतो, कारण वर्तमानपत्रात जीएसटी परिषदेबद्दल, म्हणजे वस्तू व सेवा कराबाबत केंद्र आणि राज्यांच्या परिषदेबद्दल, वाचलेलं असतं. तिचे नियम निराळे. ती संविधानाच्या अनुच्छेद २७९-क खाली आहे. निम्मे सदस्य हजर असल्याशिवाय गणपूर्ती नाही. निर्णयाला हजर राहून मत देणाऱ्यांच्या भारित मतांपैकी तीन चतुर्थांश मतं लागतात, आणि त्यात केंद्राचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश. सगळी राज्यं एक झाली तरी ६७ टक्क्यांच्या आतच राहतात, ७५ होत नाहीत. केंद्राशिवाय निर्णय नाही. आणि केंद्रालाही मत देणाऱ्या राज्यांपैकी साडेबासष्ट टक्के राज्यं बरोबर घ्यावी लागतात. मोठं राज्य असो की लहान, वजन सारखंच. मला ही रचना विचारपूर्वक केलेली वाटते. तिथेही २०१६ पासून बहुतेक निर्णय एकमतानेच झाले. पहिलं मतदान १८ डिसेंबर २०१९ ला, लॉटरीवरच्या कराबाबत. आणि १९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या परिषदेच्या शिफारशीही संसद आणि विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत, त्यांचं वजन समजूत पटवण्याइतकं आहे, असं सांगितलं.

तिसऱ्या प्रकारची परिषद म्हणजे आंतरराज्य परिषद, अनुच्छेद २६३ खालची, पंतप्रधान जिची अध्यक्षता करतात. केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाच्या शिफारशीनंतर २८ मे १९९० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ती झाली. तिचे नियम कागदावर सर्वांत नेटके आहेत: वर्षातून किमान तीन बैठका, गणपूर्ती दहा सदस्यांची, चर्चा बंद दाराआड, निर्णय एकमताने आणि एकमत झालं की नाही हे अध्यक्ष सांगतील ते अंतिम. पहिली बैठक १० ऑक्टोबर १९९० ला झाली, अकरावी १६ जुलै २०१६ ला. वर्षाला तीन हा नियम असताना सव्वीस वर्षांत अकरा. दहाव्या आणि अकराव्या बैठकीत जवळपास दहा वर्षं गेली. मला याचं वाईट वाटतं, कारण राज्यांच्या मनातलं पंतप्रधानांसमोर, एकमेकांच्या देखत बोलायची ती जागा आहे. जीएसटी परिषदेचंही तसंच: तिमाहीत एक तरी बैठक व्हावी असा नियम, पण ऑक्टोबर २०२० नंतरची बैठक २८ मे २०२१ ला झाली, आणि त्या काळात राज्यांनी तक्रारही केली. नियमात बैठकींचा आकडा लिहून भागत नाही. बैठकीची तारीख ठरवायचा अधिकार एकाच्या हातात असेल तर दुसऱ्यांनी सारखी आठवण द्यावी लागते.

शेवटचा प्रश्न, पाळावंच लागतं का. नाही. कलम २१ परिषदेला सल्लागार संस्था म्हणतं. पण कलम १७ प्रमाणे प्रत्येक बैठकीचं कार्यवृत्त केंद्राला आणि प्रत्येक राज्य सरकारला जातं, आणि पुढच्या बैठकीत मागच्या निर्णयांवर काय झालं, ही पहिली बाब असते. त्या पालन-प्रतिवेदनाला विभाग घाबरतात, हे मी पाहिलं आहे. मुख्य सचिवांसमोर ‘कार्यवाही सुरू आहे’ हे तिसऱ्यांदा वाचून दाखवायची पाळी कुणालाच नको असते. मी काम करत असताना याच एका भीतीने कित्येक अडलेल्या नस्ती हललेल्या पाहिल्या. म्हणून विषय एकदा कार्यवृत्तात आला की मंडळाने गप्प बसू नये. तो बाब क्रमांक टिपून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी विभागाला त्याच क्रमांकाने पत्र लिहा.

सरवटे स्टँड ज्यांच्या नावाचा आहे ते विनायक सीताराम सरवटे मध्य भारताकडून घटना समितीत गेले होते. इंदूरच्या मराठी माणसाला राज्यकारभाराची भाषा परकी नाही, हे मी मंडळाच्या तरुणांना आवर्जून सांगतो. ती भाषा शिकायला लागते, इतकंच.

शाळेच्या ठरावाचा मसुदा असा करून पाहा, हिंदीत भाषांतर करून परिवहनासाठी वेगळा आणि शिक्षणासाठी वेगळा अर्ज द्या, दोन्ही एका कागदावर नकोत:

‘इंदूर जिल्ह्यातील सोबत जोडलेल्या यादीतील शाळांमध्ये, यादीत दिलेल्या प्रत्येक वर्गात मराठी मागणारे किमान १० विद्यार्थी आहेत. शालेय शिक्षण विभागाने या शाळांची पडताळणी अर्ज मिळाल्यापासून ९० दिवसांत करावी, पात्र शाळांत पुढच्या सत्रापासून मराठीचा एक शिक्षक द्यावा, आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या प्राथमिक शिक्षणाचा विषय मध्य क्षेत्रीय परिषदेच्या स्थायी समितीपुढे ठेवण्यासाठी राज्याच्या वतीने पाठवावा.’

यादी पूर्ण झाल्याशिवाय हा अर्ज देऊ नका. दहाऐवजी नऊ नावं असलेला वर्ग यादीत घालू नका. एक जरी नोंद खोटी निघाली तर बाकीच्या शाळांचंही कुणी ऐकणार नाही. अर्जाची पोच, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच विभागाच्या दारातून बाहेर पडा.